फोर्ट स्टिकिन : अग्निशमन सेवेच्या इतिहासातले पहिले प्रकरण

भारतातल्या कोणत्याही अग्निशमन केंद्राचा इतिहास नुसत्या स्थापनेच्या तारखेपासून सांगून भागत नाही. केंद्र मुंबईच्या भायखळ्याचे असो, नागपूरचे असो, शिरूर तालुक्यातल्या रांजणगावचे असो की दौंड तालुक्यातल्या कुरकुंभचे. वर्षातला सर्वांत महत्त्वाचा दिवस सगळ्यांचा एकच. १४ एप्रिल. त्या दिवशी हुतात्मा जवानांना मानवंदना दिली जाते आणि २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह चालतो. छातीवर छोटा कागदी ध्वज लावला जातो, शाळांत नि कारखान्यांत प्रात्यक्षिके होतात. समुद्रापासून इतक्या दूर, घोडनदी आणि भीमेच्या काठी पाळला जाणारा हा दिवस ठरला तो मात्र एका मालवाहू बोटीमुळे. म्हणून या स्मरणिकेत सेवेचा इतिहास सांगताना आधी त्या बोटीची हकीकत सांगितली पाहिजे.

फोर्ट स्टिकिन १९४२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स रूपर्ट येथे बांधली गेली. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. जर्मन पाणबुड्या ब्रिटनच्या मालवाहू बोटी इतक्या झपाट्याने बुडवत होत्या, की ब्रिटनमधल्या गोद्यांना नव्या बोटी बांधून ती भरपाई करणे जमेना. तेव्हा अमेरिका आणि कॅनडातल्या गोद्यांना एकाच नमुन्यावर बोटी बांधायचे काम देण्यात आले. नमुना इंग्लंडमधल्या संडरलंडचा. साधा, दणकट, कोळशावर चालणारा. वाफेचे इंजिन, वेग ताशी सुमारे ११ सागरी मैल, वजन पेलण्याची ताकद सुमारे १० हजार टन. कॅनडात बांधून ब्रिटनला दिलेल्या अशा बोटींना 'फोर्ट' म्हणत. हडसन्स बे कंपनीने पूर्वी केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी जी ठाणी उभारली होती, त्यांची नावे या बोटींना मिळाली. स्टिकिनचे ठाणे आजच्या अलास्कातले.

तिची नोंदणी ७,१४२ टनांची. भाडेपट्ट्याने ती ब्रिटनच्या युद्ध वाहतूक खात्याकडे आली आणि तिचा कारभार पोर्ट लाइन या कंपनीकडे सोपवला गेला. तिच्यासारख्या कित्येक बोटी युद्धात माल वाहत राहिल्या, काही बुडाल्या, काही युद्धानंतर विकल्या गेल्या. फोर्ट स्टिकिनच्या वाट्याला जेमतेम पावणेदोन वर्षांची नोकरी आली.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी ती इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघाली. कप्तान होते अलेक्झांडर जेम्स नेस्मिथ. जिब्राल्टर, पोर्ट सैद, सुएझ, मग कराची आणि शेवटी मुंबई असा मार्ग. पोटात सुमारे १,३९५ टन दारूगोळा होता : तोफगोळे, टॉर्पेडो, पाणसुरुंग. त्यातली २३८ टन स्फोटके 'अ' वर्गातली, म्हणजे सर्वांत नाजूक, जराशा धगीने उडणारी. खोक्यांत बांधलेली स्पिटफायर लढाऊ विमाने होती. आणि दुसऱ्या क्रमांकाच्या फळक्यात, म्हणजे बोटीच्या पोटातल्या माल भरायच्या कप्प्यात, पोलादी पेटीत वितळजोड मारून बंद केलेले सोने होते. ३१ खोक्यांत १२४ विटा, प्रत्येक वीट २८ पौंडांची. त्या वेळच्या हिशेबाने किंमत सुमारे ८ लाख ९० हजार पौंड.

कराचीला विमाने उतरली आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवा माल आला. कापसाच्या हजारो गासड्या, वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ, तांदूळ, माशांचे खत. पिंपे गळकी होती. कप्तान नेस्मिथ यांनी या मालाबद्दल हरकत घेतली, पण युद्धकाळात रिकामी जागा सोडून बोट हाकणे कोणाला परवडणार? स्फोटके आणि कापूस एकाच फळक्यात, वरखाली भरला गेला.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे या भरणीतून घडले. दाबून बांधलेल्या कापसाच्या गासडीत हवा अडकलेली असते. ठिणगी आत शिरली, की ती तासन् तास आतल्या आत धुमसते, वरून पत्ता लागत नाही. तेल लागले असेल तर जास्तच. दौंड-शिरूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांवर बगॅसच्या ढिगाची आग ज्यांनी विझवली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वरून पाणी मारले तरी पोटातली आग जिवंत राहते, ढीग उकरून आतपर्यंत पोचावे लागते. बोटीच्या फळक्यात उकरायला जागा नसते. आणि इथे तर त्या कापसाच्या डोक्यावर 'अ' वर्गाची स्फोटके होती.

१२ एप्रिलला फोर्ट स्टिकिन मुंबईला पोचली आणि व्हिक्टोरिया गोदीतल्या पहिल्या क्रमांकाच्या धक्क्याला लागली. स्फोटके घेऊन आलेल्या बोटीने बाहेर खोल पाण्यात थांबायचे आणि माल पडावांत उतरवायचा, हा शांततेच्या काळातला रिवाज. युद्धाच्या घाईत तो बाजूला ठेवला गेला होता. धोकादायक माल असल्याचा लाल बावटा लावण्याचाही नियम होता. तो बावटाही फोर्ट स्टिकिनवर नव्हता. आसपास उभ्या असलेल्या बोटींवरच्या लोकांना आपल्या शेजारी काय बांधले आहे, याची कल्पना नव्हती. गोदीत काम करणाऱ्या हजारो माणसांनाही नव्हती. ४८ तास उलटले तरी स्फोटके पूर्ण उतरली नव्हती.

शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जवळपासच्या काही बोटींवरून फोर्ट स्टिकिनमधून धूर निघताना दिसला होता. गोदीत धूर दिसणे नवलाचे नव्हते, त्यामुळे कोणी बोंब मारली नाही. सुट्टी संपवून कामगार परतले तेव्हा, दोनच्या सुमारास, दुसऱ्या क्रमांकाच्या फळक्यात आग असल्याचे उघड झाले. बोटीवरच्या नळ्यांनी पाणी सुरू झाले, मुंबई अग्निशमन दलाचे बंब आले, पाठोपाठ आणखी आले. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः हजर झाले.

पुढचे दोन तास अग्निशमन सेवेत शिकणाऱ्या प्रत्येकाने मिनिटामिनिटाने समजून घ्यावेत असे आहेत. जवानांनी सुमारे ९०० टन पाणी फळक्यात ओतले. आग दिसत नव्हती, धुराने फळका भरला होता, नेमके कुठे मारायचे कळत नव्हते. पाणी साचत गेले, तसतसा जळता कापूस पाण्यावर तरंगून वर, स्फोटकांच्या दिशेने सरकू लागला. म्हणजे विझवण्याचा उपायच धोका जवळ आणत होता. बोटीच्या बाजूच्या पत्र्यावरचा रंग उकलू लागला. आगीचा गाभा कुठे आहे, ते त्यावरून समजले. तिथला पत्रा कापून आत पाणी मारावे असा प्रयत्न झाला, तो फसला. बोटीभोवतीचे पाणी उकळू लागले.

धक्क्यावर त्या वेळी अधिकारी कमी नव्हते. लष्कराच्या दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट यांनी कोणता माल आहे हे पाहून बोट बुडवावी असे सांगितले. अडचण अशी, की धक्क्याला पाणी उथळ होते. बोट तळाला टेकली असती, पण फळके पुरते पाण्याखाली गेले नसते. गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर यांच्या मते बोट ओढून बाहेर समुद्रात न्यायला हवी होती. अग्निशमन दलाला आग इथेच विझवायची होती, कारण बोट हलली की धक्क्यावरच्या बंबांचे पाणी तुटणार. कप्तान नेस्मिथ यांच्यापुढे तीन सल्ले होते, तिन्ही जाणत्या माणसांचे. यांतला कोणता मानायचा, हे ठरवण्याचा अधिकार एका माणसाकडे नव्हता. बंदर एकाचे, बोट दुसऱ्याची, दारूगोळा तिसऱ्याचा, आग चौथ्याची. या सगळ्यांच्या वर हुकूम देणारा कोणी असता, तर दोन तासांत बोट गोदीबाहेर जाऊ शकली असती, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

३ वाजून ५० मिनिटांनी बोट सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला.

बोटीचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. सुमारे चौदाशे किलोमीटर दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रांनी तो हादरा टिपला. गोदीतले पाणी भिंतीसारखे उठले आणि त्या लाटेने शेजारच्या बोटी धक्क्यावर आपटल्या. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची सुमारे ४ हजार टनांची जलपद्मा ही बोट उचलली जाऊन तिचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडवर जाऊन बसला. सिंदिया म्हणजे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश बोट कंपन्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी १९१९ मध्ये काढलेली कंपनी. पुणे जिल्ह्याला वालचंद माहीत आहेत ते दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमुळे. त्यांच्या कंपनीच्या बोटीचे शेडवर चढलेले धूड त्या दिवसाचे सर्वांत ओळखीचे छायाचित्र ठरले.

सुमारे अर्ध्या तासाने, ४ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास, चौथ्या फळक्यातला दारूगोळा उडाला. हा दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा मोठा होता. जळता कापूस, तापलेले लोखंड, पिंपे, लाकडे आभाळात उंच गेली आणि शहरावर कोसळली. मांडवी, मस्जिद बंदर, दाणाबंदर या दाट वस्तीत जागोजागी एकाच वेळी आगी लागल्या. अकराहून अधिक बोटी बुडाल्या किंवा बुडायला आल्या. धान्याची कोठारे पेटली आणि सुमारे ५० हजार टन धान्य गेले. आदल्या वर्षीच बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मेली होती आणि मुंबईत मे १९४३ पासून रेशनिंग सुरू होते. तेव्हा या जळलेल्या धान्याचे मोल कळते. सहा हजार व्यापारी पेढ्यांना झळ बसली, ५० हजार माणसांचा रोजगार गेला.

हा रोजगार कोणाचा होता? गोदीत आणि दाणाबंदरात पाठीवर पोती वाहणारी माणसे मोठ्या संख्येने घाटावरची होती. सातारा, पुणे, नगर जिल्ह्यांतल्या दुष्काळी गावांतून ती मुंबईला गेलेली. पाऊस हुकला की घरातला एक तरी गडी मुंबईला जायचा, हे शिरूर-दौंडच्या जिरायती भागाला नवे नव्हते. तीच माणसे त्या दिवशी गोदीत कामावर होती, वखारींत होती, आग बघायला धक्क्यावर जमलेल्या गर्दीतही होती. पुढे पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये, महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला. १९४४ मध्ये अशा हमालाचे नाव एखाद्या हजेरीपटावर असेलच, याची खात्री नव्हती.

म्हणूनच मृतांचा नक्की आकडा कधी निघाला नाही. गोदीतल्या सेवांशी संबंधित २३१ माणसे गेली, नागरिक ५०० हून अधिक, असे अधिकृत हिशेब सांगतात. इतर अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत जातात. जखमी अडीच हजार. कप्तान नेस्मिथ बोटीजवळच गेले.

आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान.

बोट सोडण्याचा हुकूम खलाशांना होता. जवानांच्या हातात नळ्या होत्या आणि ते शेवटपर्यंत धक्क्यावर राहिले. कूम्ब्स वाचले. ८३ जवान जखमी झाले. मुंबई अग्निशमन दल १ एप्रिल १८८७ रोजी पोलिसांकडून महापालिकेकडे आले होते. तेव्हापासूनच्या ५७ वर्षांत एका दिवसात एवढी माणसे कधी गेली नव्हती. तुकड्याच्या तुकड्या, बंबांसकट, नाहीशा झाल्या होत्या. तरी उरलेल्यांनी त्या संध्याकाळी शहरातल्या आगींवर काम सुरू केले. लष्कर, नौदल, स्वयंसेवक मदतीला आले. पसरणारी आग पूर्ण आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मग गोदीतला राडारोडा : सुमारे ५ लाख टन. आठ हजार माणसे सात महिने तो उपसत होती, तेव्हा गोदी पुन्हा चालू झाली.

सरकारने बातमी दाबली. मुंबईकरांनी स्फोट कानांनी ऐकला होता, काचा त्यांच्याच घरांच्या फुटल्या होत्या, तरी वर्तमानपत्रांवर बंधन होते. जगाला पहिली बातमी मिळाली ती दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून. ब्रिटिश-भारतीय सरकारने पत्रकारांना तपशील पाठवण्याची परवानगी दिली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. युद्धात गुप्तता लागते हे मान्य केले तरी, हीच गुप्तता आधी बोटीवर लाल बावटा न लावायला आणि शेजारच्या माणसांना अंधारात ठेवायला कारण झाली होती.

मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. शत्रूच्या घातपाताचा संशय त्याने फेटाळला. आगीचे कारण बहुधा फळक्यात काम करणाऱ्या कोणाच्या तरी सिगारेटचे थोटूक असावे, असा निष्कर्ष निघाला. त्या थोटकाचीच आठवण लोकांनी जास्त ठेवली, आणि हे बरोबर झाले नाही. थोटूक पडेल हे गृहीत धरूनच फळका भरायचा असतो. गोदीत, गोदामात, कारखान्यात ठिणगी कधी ना कधी पडतेच. त्या वेळी तिच्या शेजारी काय आहे आणि ते विझवायला आलेल्याला माहीत आहे की नाही, यावर जीव अवलंबून असतात.

सोन्याची गोष्ट लोकांना अजून आवडते. पहिली वीट गोदीपासून सुमारे मैलभर अंतरावर निवृत्त अभियंता बुरजोरजी कूवरजी मोतीवाला यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत येऊन पडली. त्यांनी ती सरकारला परत केली. बक्षीस मिळाले ९९९ रुपये, आणि तेही त्यांनी स्फोटग्रस्तांच्या मदतनिधीला दिले. पुढे कित्येक विटा गाळातून निघत राहिल्या. २०११ मध्ये गाळ उपसताना दोन विटा मिळाल्या, तेव्हा फोर्ट स्टिकिनचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले.

स्वातंत्र्यानंतर १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन झाला. प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झाली आणि लगेच पुढच्या वर्षी नागपूरला आली. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ते हेच. महाराष्ट्रात १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि औद्योगिक वसाहती शहरांपासून लांब, माळरानांवर वसू लागल्या, तेव्हा त्यांची स्वतःची अग्निशमन केंद्रेही हवीत हे ओघाने आले. पुणे-नगर रस्त्यावरचे रांजणगाव आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरचे कुरकुंभ ही त्यांतलीच. वसाहतीतली आग ही त्यांची पहिली जबाबदारी. पण आसपास मोठे केंद्र दुसरे नसल्याने हायवेवर पेटलेला ट्रक, उसाचा फड, गावातले घर, सगळ्यांचे फोन तिथे येतात.

कुरकुंभ ही मुख्यतः रसायनांची वसाहत. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या एका कारखान्यात रात्री आग लागली, तेव्हा भोवतालच्या वस्त्यांतल्या लोकांना घरे सोडून सुरक्षित जागी जावे लागले. अशा वेळी बंब फाटकाशी पोचताच अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो : आत काय आहे? किती आहे? पाणी चालेल का? काही रसायनांवर पाणी पडले तर आग वाढते, काहींना फेसच लागतो, काहींना नुसते थंड ठेवत जळू द्यावे लागते. व्हिक्टोरिया गोदीत हा प्रश्न दोन तास अर्धवट राहिला.

आता त्याचे उत्तर कागदावर असणे बंधनकारक आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेल्या १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्या कारखान्याला आवारातल्या आपत्तीचा आराखडा करावा लागतो आणि आवाराबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाकडे असतो. हुकूम कोणाचा, माणसे कोणत्या रस्त्याने बाहेर काढायची, भोंगा कोण वाजवणार, हे आधी ठरलेले असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीच्या मालकावर आणि वापरकर्त्यावर आणखी एक काम टाकले : आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे. अग्निशमन सप्ताहात केंद्राची माणसे कारखान्यांत जातात, तेव्हा प्रात्यक्षिकाइतकेच महत्त्व या कागदांच्या विचारपुशीला असते.

कुरकुंभ आणि रांजणगावच्या फाट्यांवर रसायनांचे टँकर दिवसरात्र वळतात. प्रत्येकाच्या अंगावर एक पाटी रंगवलेली असते. तिच्यावर मालाचे रासायनिक नाव, संयुक्त राष्ट्रांनी त्या मालाला दिलेला चार आकडी क्रमांक, धोक्याचा प्रकार दाखवणारे चौकटीतले चिन्ह आणि अपघातात कोणाला फोन करायचा त्याचा नंबर असतो. मोटार वाहन नियमांनी ती सक्तीची केली आहे, आणि असा टँकर चालवणाऱ्या ड्रायव्हरला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. केंद्रात नव्याने भरती झालेल्या जवानाला सुरुवातीलाच ही पाटी लांबून वाचायला शिकवतात : वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभे राहायचे, आधी क्रमांक वाचायचा, तो वायरलेसवर केंद्राला कळवायचा, आणि मगच नळी उघडायची.